सुपा, तालुका सुपा : पाण्याखालचा पत्ता आणि घराण्याची नोंद

घराण्याचा इतिहास लिहायला घेतला की सुरुवात नावांपासून होते. पणजोबांचे नाव काय, त्यांना भाऊ किती, आत्या कोणत्या गावी दिली, अशी विचारपूस करीत वंशवृक्षाच्या फांद्या भरत जातात. पण आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. त्यामुळे एका पिढीत कृष्णा विठ्ठल, पुढच्या पिढीत विठ्ठल कृष्णा आणि त्यानंतर पुन्हा कृष्णा विठ्ठल अशी साखळी चालू राहते. चुलत घराण्यांतही हीच नावे फिरतात. जुन्या कागदावर ‘कृष्णा विठ्ठल’ असे नाव सापडले, तर तो आपला पणजोबा की चुलत घराण्यातला कोणी, हे नावावरून ठरत नाही. ते ठरते गावावरून, वाड्यावरून, घरावरून. म्हणून वंशावळीत नावाइतकेच महत्त्व निवासाला आहे.

आमच्या मंडळातल्या काही घरांची मुळे कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात आहेत. यातली बरीच मंडळी आता आपापली वंशावळ संगणकावर उतरवीत आहेत. या कामात प्रत्येकाची गाडी एकाच रकान्याशी येऊन थांबते. तो रकाना म्हणजे ‘निवास’, आणि त्याच्या शेजारचा ‘जनगणना’. वरवर पाहता साधे वाटणारे हे दोन रकाने जोयड्याच्या माणसाला इतके अवघड का जातात आणि ते नीट कसे भरावेत, हे या लेखात सांगायचे आहे.

एकाच घराचे अनेक पत्ते

जोयडा हे तालुक्याचे ठिकाण झाले ते अलीकडे. त्याआधी हा तालुका सुप्याचा. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि तिच्याच काठी सुपा गाव वसलेले होते. बाजार, कचेरी, शाळा, देवळे असलेले हे गाव आसपासच्या जंगलपट्टीतल्या खेड्यांचे केंद्र होते. पुढे गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले. ते १९८७ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात सुपा गाव गेले, आसपासची कितीतरी खेडी गेली. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. विस्थापितांसाठी रामनगरची वसाहत उभी राहिली. काही कुटुंबे तिथे गेली, काही जोयडा, दांडेली, हल्याळ, बेळगाव, गोवा अशी पांगली. कडक उन्हाळ्यात जलाशयाची पातळी फार खाली गेली की जुन्या गावाच्या खुणा अजून वर येतात.

धरणाच्या आधीही या भागाचा सरकारी पत्ता बदलतच होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कानडा जिल्हा मद्रास इलाख्यात होता. १८६२ साली त्याचा उत्तर भाग मुंबई इलाख्याला जोडला गेला. म्हणूनच जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई गॅझेटिअरचा १५ वा खंड (१८८३) या जिल्ह्याचा आहे. स्वातंत्र्यानंतर तो मुंबई राज्यात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. जिल्ह्याचे नावही कागदागणिक वेगळे: मराठी माणसाच्या तोंडी ‘कारवार जिल्हा’, इंग्रजी अमदानीच्या कागदांत ‘कानडा’ किंवा ‘उत्तर कानडा’, आज ‘उत्तर कन्नड’.

म्हणजे १८५० च्या सुमारास सुप्यात घर असलेल्या आणि धरण होईपर्यंत तिथून न हललेल्या कुटुंबाच्या कागदांवर मद्रास, मुंबई, म्हैसूर आणि कर्नाटक अशी चार सरकारे येतात. घर मात्र एकच. त्या घरातल्या माणसांनी स्थलांतर केले ते फक्त एकदा, पाणी चढले तेव्हा.

हे न कळता वंशावळ भरली तर काय होते ते पाहा. १९३१ साली सुप्यात जन्मलेल्या आजोबांचे जन्मस्थान नातू ‘जोयडा, उत्तर कन्नड, कर्नाटक’ असे लिहितो. आजच्या माणसाला ते पटते. पण १९३१ साली कर्नाटक नावाचे राज्य नव्हते आणि आजोबा जोयड्यात जन्मलेही नव्हते. पुढे कोणी दप्तर शोधायला निघाला, तर मुंबई इलाख्याचा धागाच त्याच्या हाती लागत नाही. दुसरा घोळ नकाशाचा. आज्ञावलीत नुसते ‘सुपा’ लिहिले की ती आपणहून नकाशावर खूण करू पाहते. बुडालेले गाव तिला सापडत नाही. सापडते ते नगरजवळच्या पारनेर तालुक्यातले सुपा, नाहीतर शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले बारामतीकडचे सुपे. दोन पिढ्यांनी ती खूण पाहणारा पणतू आपले मूळ घाटावरचे समजणार. खरे सुपे पाण्याखाली असल्याने त्याला दुरुस्त करणारे कोणी उरलेले नसेल.

जनगणना: आकडे मिळतात, माणसे नाहीत

वंशावळीच्या बहुतेक आज्ञावली इंग्लंड-अमेरिकेतल्या गरजेतून तयार झाल्या. तिथे जनगणनेच्या मूळ यादीत घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय, नाते, व्यवसाय असतो आणि ठरावीक काळानंतर त्या याद्या लोकांसाठी खुल्या होतात. अमेरिकेत ७२ वर्षांनी, इंग्लंडमध्ये साधारण १०० वर्षांनी. अमेरिकेची १९५० ची आणि इंग्लंडची १९२१ ची यादी, दोन्ही २०२२ साली खुल्या झाल्या. म्हणून त्या आज्ञावलींत ‘जनगणना’ हा स्वतंत्र रकाना ठळकपणे दिसतो.

आपल्याकडे तसे नाही. देशभर एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. तेव्हापासून दर दहा वर्षांनी २०११ पर्यंत ती होत आली. पण आपल्याला मिळतात ते तक्ते. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे व्यक्तीची माहिती गुप्त असते. ती कोणाला पाहता येत नाही की पुरावा म्हणून वापरता येत नाही. या गुप्ततेमुळेच लोक मोकळेपणाने उत्तरे देतात, तेव्हा ती असणे योग्यच आहे. पण ‘१९३१ च्या जनगणनेत आजोबांचे नाव बघू’ असे मनात असेल, तर तो मार्ग बंद आहे हे आधीच जाणलेले बरे.

मग जनगणनेचा आपल्याला उपयोग नाही का? आहे. १९५१ पासून निघालेल्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावागणिक लोकसंख्या, घरांची संख्या आणि सोयींची माहिती असते. आपले गाव त्या वर्षी केवढे होते, शाळा होती की नव्हती, हे त्यातून समजते. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक आहे. तो आपल्या नोंदीत लिहून ठेवला तर सारख्या नावांच्या गावांचा गोंधळ टळतो. आणि एक गोष्ट सुपेकरांना माहीत असावी अशी: २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांतही या तालुक्याचे नाव ‘सुपा’ असेच छापलेले आहे. गाव बुडून पाव शतक झाले तरी कागदावर ते तालुक्याच्या नावाने उरले होते.

‘त्या रात्री होता’ आणि ‘राहत होता’

वंशावळीची माहिती एका आज्ञावलीतून दुसरीत नेण्यासाठी ‘गेडकॉम’ नावाची ठरीव रचना वापरतात. अमेरिकेतील एलडीएस चर्चने ती १९८४ साली आणली. तिच्यात ‘जनगणना’ आणि ‘निवास’ यांना वेगवेगळ्या खुणा आहेत. हा फरक आपल्याकडच्या माणसालाही उपयोगाचा आहे.

जनगणना म्हणजे एका ठरलेल्या वेळी कोण कुठे सापडला याची नोंद. आपल्याकडे १९३१ पर्यंत मोजणी एका रात्रीची असे आणि माणूस त्या रात्री जिथे असेल तिथे मोजला जाई. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी माहेरच्या गावात मोजली जाई, लाकूडतोडीला रानात गेलेला गडी रानातल्या मुक्कामावर. निवास म्हणजे माणूस एका ठिकाणी काही काळ राहिला याची नोंद. तिला सुरुवात असते आणि शेवट असतो. एका दिवसाच्या कागदावरून आपण लगेच ‘हे घराणे अमुक गावचे’ असे लिहून मोकळे होतो, ते बरोबर नाही. कागदाने जेवढे सांगितले तेवढेच लिहावे. कालावधी जोडायचा असेल तर तो कशावरून जोडला तेही लिहावे.

आडनावांबद्दलही हेच. आडनावात गाव आहे म्हणजे निवासाचा पुरावा आहे, असे सर्रास मानले जाते. पण गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी हाक मारीत नाही. अंकोल्यात सगळेच अंकोल्याचे. अंकोलेकर हे नाव पडते ते माणूस अंकोला सोडून दुसरीकडे गेल्यावर. तेव्हा ‘-कर’ आडनाव पूर्वजांनी मागे सोडलेले गाव सांगते. हे नाव धारण करणारे आजोबा त्या गावात राहत होते, असे त्यावरून म्हणता येत नाही.

मग पुरावा कुठला?

जनगणनेच्या याद्या बंद असल्या तरी आपल्या भागात निवासाचे दुसरे पुरावे आहेत. शाळेचे जनरल रजिस्टर हा त्यातला सर्वांत विश्वासाचा. त्यात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचा दिवस असतो. एका घरातल्या चार भावंडांच्या नोंदी ओळीने लावल्या तर कुटुंब कोणत्या वर्षी कोणत्या गावात होते हे बरेच स्पष्ट होते. गाव बुडण्याच्या सुमारास एका शाळेतून नाव कमी होऊन दुसरीत दाखल झाले असेल, तर त्या दोन तारखांमध्ये स्थलांतर बसते.

जमिनीचे कागद दुसरे. हक्कनोंद, फेरफार, पहाणी यांत खातेदार दिसतो. बहुतेक कागद कन्नडमध्ये आहेत. वाचणारा शेजारी मिळाला तर संध्याकाळभराचे काम. कुळांच्या घरांसाठी एक कागद फार मोलाचा आहे. कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यातील दुरुस्तीने १ मार्च १९७४ रोजी कुळांकडच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि कसणाऱ्याने आपला हक्क मागण्यासाठी फॉर्म नंबर सात भरायचा होता. तो दिवस आणि तो अर्ज मिळून कुळांची एक प्रकारची जनगणनाच झाली. सुपा धरणाच्या बुडीत क्षेत्रासाठी भूसंपादनाचे निवाडे आहेत; त्यांत सर्व्हे नंबर, धारक, घर आणि झाडे यांची नोंद असते. आंगणातला फणस कोणाच्या नावावर होता हेही कधीकधी त्यात सापडते.

याशिवाय मतदार याद्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, जुनी रेशनकार्डे, लग्नपत्रिका आणि पोस्टाची पाकिटे. जुन्या पाकिटावरचा पत्ता आणि टपालाचा शिक्का म्हणजे ठिकाण आणि तारीख एकाच कागदावर. त्र्यंबकेश्वरच्या किंवा हरिद्वारच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव आणि पिढ्या लिहिलेल्या असतात. कॅसलरॉकच्या स्थानकावर, पोर्तुगीज हद्दीलगतच्या त्या टोकाला, नोकरीनिमित्त येऊन गेलेल्या कुटुंबांना रेल्वेचे सेवापुस्तक उपयोगी पडते.

कागदात नसलेली माणसे

इथपर्यंतचे सारे पुरावे ज्यांच्या नावावर काहीतरी होते त्यांचे आहेत. खरी अडचण पुढे आहे. निवाड्यात धारकाचे नाव आले. त्याच्या शेतावर राबणाऱ्या, त्याच्या परसात झोपडी बांधून राहणाऱ्या माणसाचे आले नाही. गौळी धनगरांचे गौळीवाडे चाऱ्यापाण्याच्या सोयीने जागा बदलत. सर्व्हे नंबर हा त्यांच्या निवासाचा पत्ता नव्हताच. त्यांच्या घरात निवासाचा इतिहास आहे, पण तो सगळा तोंडी आहे.

आणि बायका. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते, कितीदा नावही बदलते. आजी एका नावाने माहेरी जन्मली आणि दुसऱ्या नावाने सासरी वारली. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या, पण आपल्या वंशावळीही यापेक्षा फार वेगळ्या नाहीत. कितीतरी वंशवृक्षांत आजीच्या चौकटीत फक्त ‘सौ.’ आणि आजोबांचे नाव असते. निवासाचा रकाना इथे मदतीला येतो. आजीचे माहेरचे नाव आठवत नसले तरी माहेरचे गाव घरात कोणाला तरी आठवते. ते लिहिले की तिच्या भावांचा, तिच्या गावातल्या शाळेचा शोध घेता येतो. प्रत्येक स्त्रीसाठी निदान दोन निवास लिहावेत, एक लग्नापूर्वीचा आणि एक नंतरचा. आणि दोन्ही नावे ठेवावीत.

सुप्यातल्या माणसांच्या बाबतीत या तोंडी माहितीला काळाची मर्यादा आहे. गाव बुडाले तेव्हा जे पंचवीस-तीस वर्षांचे होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. बाजारपेठेत कोणाचे दुकान कोणाच्या शेजारी होते, देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर कोणाची घरे होती, कोण मालक आणि कोण भाडोत्री, हे सांगू शकणारी ही शेवटची पिढी आहे. दुसऱ्या गावात जाऊन घर, विहीर, वाट पाहता येते आणि त्यावरून आठवणी तपासता येतात. सुप्यात ती सोय नाही. इथे माणूस गेला की पत्ता गेला.

विचारण्याची एक पद्धत सुचवतो. म्हाताऱ्या माणसाला ‘तुम्ही १९७० साली कुठे राहत होता’ असे विचारले तर उत्तर येत नाही. ‘त्या वर्षी गणपती कोणाच्या घरी बसला होता’ असे विचारले तर येते. आपल्याकडे भावाभावांचा गणपती मूळ घरी बसतो. मूळ घर कोणते, ते कधी बदलले, वाटण्या झाल्यावर कोणी वेगळा गणपती आणायला सुरुवात केली, रामनगरला पहिला गणपती कोणत्या वर्षी आला, या उत्तरांतून निवासाची अर्धी यादी तयार होते. चतुर्थीला सगळे एकत्र असतात, तेव्हा एकाचे विसरलेले दुसरा सांगतो.

नोंद कशी करावी

एक नमुना देतो. समजा, एका आजोबांचा सुप्यातला निवास लिहायचा आहे:

ठिकाण: बाजारपेठ, सुपा, तालुका सुपा, उत्तर कानडा जिल्हा, मुंबई राज्य (आज जलाशयात, जोयडा तालुका, कर्नाटक).
काळ: १९५२ पूर्वीपासून, १९५६ नंतर तेच घर म्हैसूर राज्यात.
घरात कोण: आजोबा, आजी, त्यांची आई, दोन मुले.
पुरावा: थोरल्या मुलाची शाळेतील नोंद, धाकट्या बहिणीने सांगितले, सांगितल्याची तारीख.
खात्री: घर नक्की, सुरुवातीचे वर्ष अंदाजे.

यात चार गोष्टी पाळल्या आहेत. ठिकाणाचे नाव त्या काळचे आहे आणि आजचे कंसात आहे. ठिकाण लहानापासून मोठ्याकडे लिहिले आहे. कोणी सांगितले ते लिहिले आहे. आणि अंदाजाला अंदाज म्हटले आहे. ‘ग्रॅम्प्स’सारख्या मोफत आज्ञावलीत एकाच ठिकाणाला काळाप्रमाणे वेगवेगळी नावे आणि वेगवेगळे जिल्हे-राज्ये जोडता येतात, सुप्यासाठी ते एकदा करून ठेवले की पुन्हा पुन्हा लिहावे लागत नाही. मात्र गेडकॉम फाइलमध्ये ठिकाण प्रत्येक घटनेबरोबर साध्या मजकुरात जाते, म्हणून पूर्ण पत्ता लिहिण्याची सवय सोडू नये. शके आणि तिथी असलेल्या जुन्या पत्रिकांसाठी गेडकॉममध्ये सोय नाही. तारीख इंग्रजी पंचांगाने लिहावी आणि मूळ शब्द टीपेत जसेच्या तसे ठेवावेत. गेडकॉमच्या २०२१ च्या आवृत्तीत सर्व मजकूर युनिकोडमध्ये असतो, त्यामुळे नावे देवनागरीत लिहायला आता हरकत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. हयात माणसांचे पत्ते, जन्मतारखा, कागदांची छायाचित्रे सर्वांना दिसतील अशी ठेवू नयेत. बहुतेक आज्ञावलींत फाइल दुसऱ्याला देताना हयात व्यक्तींचा तपशील वगळता येतो.

१ मार्च २०२७

पुढची जनगणना २०२७ ची. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे आणि माहिती या वेळी कागदाऐवजी मोबाइलवर घेतली जाईल. आपण दिलेली उत्तरे कलम १५ प्रमाणे गुप्त राहतील. म्हणजे शंभर वर्षांनी आपल्या पणतवंडांनाही ती पाहता येणार नाहीत.

म्हणून आमची सर्वांना विनंती आहे. प्रगणक येऊन गेला की त्याच दिवशी एका कोऱ्या कागदावर आपल्या घराची आपण यादी करावी. घरात कोण कोण आहे, प्रत्येकाचे पूर्ण नाव, सुनांची माहेरची नावे आणि गावे, जन्म कुठला, या घरात कधीपासून, याआधी कुठे. शिकायला किंवा नोकरीला बाहेर असलेल्यांचे पत्तेही लिहावेत. खाली तारीख आणि लिहिणाऱ्याची सही. हा कागद घरच्या फाइलमध्ये ठेवावा आणि वंशावळीत ‘निवास’ म्हणून चढवावा.

आणि ज्यांच्या घरात सुप्यातले कोणी वडीलधारे आहे, त्यांनी जनगणनेची वाट पाहू नये. या चतुर्थीला सगळे जमतील तेव्हाच वही पुढे करावी. जुन्या बाजारपेठेचा रस्ता काढून द्यायला सांगावा आणि एकेका घरावर नाव लिहून घ्यावे: मालकाचे, भाडोत्र्याचे, परसातल्या गड्याचेही. असे कागद ज्यांच्याकडे तयार होतील त्यांनी त्याची प्रत मंडळाकडे द्यावी. दहा घरांचे दहा कागद एकमेकांशेजारी ठेवले, की त्या गावाच्या घरांची यादी पुन्हा लिहिता येईल.